कॉलरमधली पट्टी

बॅग भरायला घेतली की मला अंबादासराव आठवतात. पुण्याला लेकीकडं जायचं असो नाहीतर नांदेडला लग्नाला, साडीची घडी घालता घालता हात मध्येच थांबतो आणि पाठीमागून कुणीतरी खाकरल्यासारखं वाटतं. "वहिनी, मधोमध घडी नको. मधोमध घातली की पदरावर रेघ उठते." आता गेलेला माणूस काय शेजारणीच्या साड्यांच्या घड्या तपासायला येतो का? दुसरा कुणी येणार नाही. हे येतील.

औरंगाबादला सिडकोत आमच्या अगदी समोरचं घर त्यांचं. मधे रस्ता, तोही एक टँकर उभा राहिला की भरून जाणारा. कचेरीत कारकून म्हणून लागले आणि अव्वल कारकून होऊन निवृत्त झाले. अंगानं काटक, आवाज बारीक, बोलणं मोजकं. पण कपडे! पांढरा शर्ट, करडी पँट, आणि त्या पँटची क्रीज अशी की गल्लीतली पोरं त्यांना 'कडककाका' म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागं. त्यांना ते माहीत होतं, आणि मला विचाराल तर आवडतही होतं.

त्यांच्या घरी इस्त्रीचं काम बायकोकडं नव्हतं. शकुंतलावहिनी आत पोळ्या लाटायच्या आणि हे सकाळच्या उन्हात दिवाणावर घोंगडं, घोंगड्यावर धुवट चादर अंथरून इस्त्रीला उभे राहायचे. खिडकी उघडी असायची, त्यामुळं मला माझ्या ओट्यापाशी उभं राहून सगळं दिसायचं. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, मग पाठ. झालं की वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी कापायची, दुहेरी करायची आणि कॉलरच्या आतून फिरवायची. शर्ट घालायच्या वेळी पट्टी काढायची. तोवर कॉलर ताठ. मी एकदा विचारलं, "अहो, पट्टी नाही घातली तर काय होईल?" तर माझ्याकडं असं बघितलं, जसं मी भाजीत मीठ नाही घातलं तर काय होईल असं विचारलंय.

"कॉलर पडली की माणूस दमल्यासारखा दिसतो," म्हणाले. "दमलेल्या कारकुनाचं कुणी ऐकत नाही."

आणि एकदा कपडे अंगात चढले की हा माणूस बसायचा नाही. खोटं नाही सांगत. गल्लीची सहल वेरूळला निघाली होती, सगळ्यांना सीट होत्या, आणि अंबादासराव घरापासून वेरूळपर्यंत दांडीला धरून उभे. कंडक्टरलाच लाज वाटली. "काका, बसा की, जागा आहे." तर म्हणतात, "बसलो की मांडीवर चुण्या पडतात. उभं राहिलं तर काय जातंय? पाय आपलेच आहेत." लेणी बघून आम्ही सगळे झाडाखाली पसरलो, धपाटे सोडले, आणि हे एका हातात धपाटं आणि दुसऱ्या हातात मिरचीचा ठेचा घेऊन उभ्यानं जेवले. मी वैतागून म्हटलं, "शकुंतलावहिनी, तुम्ही लग्नात यांना पाटावर कसं बसवलंत हो?" त्या हसून म्हणाल्या, "तेव्हा धोतर होतं. धोतराला क्रीज नसती."

नातेवाइकांची पोरं मांडीवर घ्यायची वेळ आली की ते आधी शर्ट काढून खुंटीला लावायचे आणि बनियनवर पोरगं घ्यायचे. स्वतःच्या बालाजीलाही त्यांनी तसंच वाढवलं. म्हणजे प्रेम होतं, नव्हतं असं नाही, पण आधी शर्ट खुंटीला. कचेरीतून आले की तो पळत यायचा, आणि हे दोन्ही हात पुढं करून त्याला लांबच थांबवायचे. "थांब बाळा, थांब. कपडे बदलू दे." तेवढ्यात पोरगं दुसरीकडं पळालेलं असायचं.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. शहर तर फुगतच चाललं होतं. जालना रोडला काचेच्या इमारती, बीड बायपासकडं शेतं होती तिथं फ्लॅट, आणि नळ मात्र आठ-आठ दिवस कोरडे. कधी येईल त्याचा भरवसा नाही. पाणी सुटलं की गल्लीत पहिली हाक अंबादासरावांची. "पाणी आलं ओ!" तेवढ्या एका कामासाठी हा माणूस लुंगीवर रस्त्यात पळताना दिसायचा. टिपाडं भरली, घागरी भरल्या, पातेली भरली की त्यांच्या घरी वाट्यासुद्धा भरून ठेवायचे. मी चेष्टा केली तर म्हणाले, "हसा, हसा. मंगळवारी याल तांब्याभर मागायला." आणि मंगळवारी मी खरंच गेले. दिलं त्यांनी. पण देताना नुसतं भुवया उचलून बघितलं.

त्या टंचाईत आम्ही सगळे चुरगळलेले फिरायचो. कपडे धुवायलाच पाणी नाही, कडक कुठून राहणार? पण अंबादासराव तसेच. बादलीभर कढत पाणी घेऊन न्हाणीत शिरायचे, दार लावायचे आणि उद्याचा शर्ट वर खिळ्याला टांगायचे. वाफेनं चुण्या आपोआप उतरायच्या. "एका बादलीत दोघं आंघोळ करतो. मी अन् माझा शर्ट." उरलेलं पाणी झाडांना. साबणाची वडी ते दोऱ्यानं कापून पातळ चकत्या करायचे, रोज एक चकती, म्हणजे ओल्या साबणदाणीत वडी विरघळून वाया जाणं नको. खोबरेल तेल खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत, दाढीची तुरटी डबीत. वीज गेली तर इस्त्रीचीही सोय होती. पितळी तांब्यात उकळतं पाणी घ्यायचं, बूड कोरडं पुसायचं आणि तो तांब्याच कपड्यावरून फिरवायचा. मी करून बघितलं. माझा हात पोळला आणि आमच्या ह्यांच्या शर्टावर पाण्याचा डाग पडला, तो वेगळाच.

कोपऱ्यावर लिंबाखाली मुश्ताकभाईंचा इस्त्रीचा ठेला होता. अंबादासरावांनी त्यांना आयुष्यात एक रुमाल दिला नसेल, पण रोज संध्याकाळी ठेल्यापाशी उभे राहून गप्पा मात्र हाणायचे. कोळसा कुठला चांगला, खादीला पाणी किती मारायचं. ठेल्याशेजारी एक लोखंडी स्टूल असायचं. मुश्ताकभाई रोज म्हणायचे, "बैठो ना साब." आणि हे रोज म्हणायचे, "नको, ठीक आहे." मुश्ताकभाई मग मला सांगायचे, "भाभी, इनको बोलो ठेला संभालो. मैं कचेरी में जाके बैठता." अंबादासराव या विनोदाला दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे.

ते हसणं एके दिवशी बंद झालं.

बालाजी पुण्याला हॉटेलातलं शिकला आणि बोटीवर नोकरीला लागला. पर्यटकांच्या मोठ्या बोटी असतात ना, पोहण्याचे तलाव, जेवणाचे महाल, तसल्या. अंबादासरावांनी गल्लीत पेढे वाटले. "बोटीवर ऑफिसर झाला." ऑफिसर हे त्यांचं त्यांनीच लावलं होतं. पहिल्या सुट्टीत पोरगं घरी आलं. सकाळी वडील इस्त्रीला उभे राहिलेले बघून म्हणालं, "बाबा, द्या इकडं." आणि बघता बघता शर्ट झाला, पट्टीसकट. वहिनी सांगत होत्या, इतक्या कौतुकानं बघत होते म्हणे. म्हणाले, "कुठं शिकलास रे?" आणि बालाजी आनंदानं बोलून गेला, "दिवसभर हेच करतो की मी बोटीवर. लाँड्रीत आहे."

झालं. अंबादासरावांनी इस्त्रीची पिन काढली. म्हणाले, "सात पिढ्या कागदाचं काम केलं आपण. तुला शिकवलं ते दुनियेचे कपडे धुवायला?" बालाजी म्हणाला, "बाबा, तुम्ही रोज करता ते." हे म्हणाले, "मी माझे करतो."

बस. तेव्हापासून बोलणं बंद. फोन आला की "आईला देतो" एवढंच. आणि संध्याकाळी मुश्ताकभाईंच्या ठेल्यापाशी उभं राहणंही बंद. पलीकडच्या गल्लीतून वळसा घालून जायला लागले. मुश्ताकभाईंनी मला एकदा विचारलं, "भाभी, साब को मेरी कुछ बात बुरी लगी क्या?" आता त्यांना मी काय सांगणार होते? मला मात्र अंबादासरावांचा असा राग आला, असा राग आला! जन्मभर ज्या कामाचा एवढा अभिमान बाळगला, तेच पोरगं करतंय तर तोंड फिरवायचं? तोंडावर बोलले नाही. बोलायला हवं होतं असं वहिनींना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलला असता तर तुमच्याशीही बंद झालं असतं. मग मी कुणाच्या घरी येऊन रडले असते?"

अशी काही वर्षं गेली. मग बालाजीनं आईबापासाठी त्याच्या बोटीची तिकिटं काढली. मुंबईहून निघून समुद्रात फिरून परत यायचं. अंबादासराव नको म्हणाले. वहिनी आयुष्यात पहिल्यांदा जेवल्या नाहीत. शेवटी आमच्याकडं आल्या. "तुम्ही दोघं चला. तुम्ही असाल तर हे येतील, गल्लीसमोर नाही म्हणणार नाहीत." आमच्या ह्यांना समुद्राचं वेड, ते लगेच तयार. आणि अंबादासराव तयार झाले, पण अट घालून. "समुद्र बघायचाय म्हणून येतो. त्याच्या लाँड्रीत माझा कपडा जाणार नाही. एक रुमालसुद्धा नाही."

तेव्हा आली पंचाईत. बोटीच्या सूचनांचा कागद मी मोठ्यानं वाचून दाखवला. इस्त्री, शेगडी, मेणबत्ती, काही आणायचं नाही. आगीची भीती. अंबादासराव म्हणाले, "मग तिथं लोक चुरगळलेलेच फिरतात का?" आमचे हे पटकन म्हणाले, "लाँड्री असती ना तिथं." मी ह्यांना असा चिमटा काढला की विचारू नका.

मग सुरू झाला अभ्यास. सगळे दिवस पुरतील एवढे कपडे, आणि प्रत्येक जोड घडी न मोडता पोचला पाहिजे. पँट वर्तमानपत्राच्या गुंडाळीवर गुंडाळायची, म्हणजे गुडघ्यात रेघ पडत नाही. शर्टांमध्ये साडीच्या दुकानातल्या गुळगुळीत पिशव्या, म्हणजे कपडा कपड्याला घासत नाही, सरकतो. एका शर्टाची कॉलर इकडं, दुसऱ्याची तिकडं. वहिनींनी जुन्या परकराची कप्प्यांची पिशवी शिवली, टांगायला वरती नाडी. त्यात तेल, तुरटी, दंतमंजन, साबणाच्या चकत्या, सगळं छोट्या बाटल्या-डब्यांत, बुचाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून, म्हणजे गळायला नको. बॅग भरली की अंबादासराव ती स्कूटरवर पुढं ठेवून हर्सूलच्या तलावापर्यंत खड्ड्याखड्ड्यांतून चक्कर मारून यायचे आणि घरी येऊन उघडून बघायचे, चुण्या किती पडल्या. वाटेत कुणी विचारलं, "कुठं निघालात बॅग घेऊन?" तर सांगायचे, "कुठं नाही. बॅगेला फिरवून आणतोय." लोकांना वाटलं, निवृत्तीनंतर डोक्यावर परिणाम झाला.

बोटीवर चढलो तर सगळं चकाचक. केबिन मात्र एवढीशी, न्हाणी तर आमच्या देवघराएवढी. आमचे हे नळ सोडून नुसते उभे राहिले. "अगं, येतंय! सारखं येतंय!" अंबादासरावांनी आल्या आल्या शर्ट टांगले, परकराची पिशवी आरशाच्या खुंटीला अडकवली आणि पितळी तांब्या काढला. हो, तांब्या आणला होता. कागदात तांब्याला बंदी नव्हती. रोज सकाळी चहाच्या टेबलावरून त्यात उकळतं पाणी घ्यायचे, रुमालात धरून केबिनीत न्यायचे आणि शर्टावर फिरवायचे. गोरी माणसं वळून बघायची. एसीनं त्यांचं खोबरेल दगडासारखं गोठलं, तर ती बाटली दर सकाळी काखेत धरून उभे असायचे. वहिनी म्हणाल्या, "बाटलीला ताप आलाय का बघताय?"

दिवसभर कडक कपड्यांत कठड्याला उभे. आजूबाजूला लांबलचक खुर्च्या, लोक चड्डीवर लोळतायत, आणि हे आपले कचेरीत साहेबाची वाट बघत असल्यासारखे. समुद्र बघायला आलो म्हणाले होते, तर बघत होते. बालाजी तळमजल्यापेक्षाही खाली कुठंतरी, जिथं प्रवाशांना जाता येत नाही. वहिनींना तो एकदा जिन्यापाशी येऊन उभ्याउभ्या भेटून गेला. अंबादासराव तेव्हा नेमके दुसऱ्या टोकाला. शेवटी बालाजीनं वरिष्ठांना विनवून एक परवानगी काढली. शेवटच्या संध्याकाळी, मोठ्या जेवणाआधी, वरच्या डेकवर थोडा वेळ. दुसऱ्या सकाळी आम्ही उतरणार होतो, आणि त्याची बोट पुढं महिनोनमहिने कुठं कुठं जाणार. वहिनींनी त्या संध्याकाळचं नवऱ्याला सांगितलं. ते नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. पण त्या दिवसासाठी राखून ठेवलेला नवा शर्ट सकाळीच काढून बघितला, असं वहिनी कानात सांगून गेल्या. एवढ्यावर त्या दुपारपर्यंत खुशीत होत्या.

आणि दुपारी भोंग्यावर सूचना झाली. आमच्या मजल्यावर काही दुरुस्ती आहे, थोडा वेळ पाणी बंद राहील.

पाणी बंद राहील! हे शब्द औरंगाबादच्या माणसाच्या कानावर पडल्यावर तो काय करणार? शेजारच्या केबिनीतले लोक झोपा काढत होते, आणि आम्ही चौघं उठलो. मी बेसिनला बोळा लावून भरलं, पेले भरले, ह्यांनी कचऱ्याची बादली धुऊन भरली. भिंतीपलीकडून अंबादासरावांची ओळखीची हाक आली, "भरून घ्या ओ!" त्यांनी तर बर्फाची बादली, चहाची किटली, तांब्या, सगळं भरलं. न्हाणीत ठेवायला जागा उरेना, तेव्हा बर्फाची बादली बाहेर केबिनीतल्या वरच्या फळीवर ठेवली. खाली बॅग उघडी. टांगलेले कपडेही त्यांनी संध्याकाळनंतर आवरायला नको म्हणून आधीच काढून बॅगेत घातलेले, त्यात तो नवा शर्ट अगदी वर.

घरात फळी हलत नाही. बोट हलते. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

वहिनी आमचं दार ठोकायला लागल्या तेव्हा मला वाटलं, कुणाला काही झालं. जाऊन बघते तर अंबादासराव बनियन-पायजम्यावर उभे, आणि बॅगेतलं सगळं ओलंगच्च. वर्तमानपत्राची शाई शर्टाच्या कडेला लागलेली. ते पलंगावर तो नवा शर्ट पसरून तांब्या फिरवत होते. वाफ निघत होती, आणि शर्ट वाळायच्या ऐवजी आणखीच चुरगळत होता.

"मी नाही येत वर," म्हणाले. "तुम्ही जाऊन या."

वहिनी आजवर माझ्यासमोर त्यांना कधी उलटून बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. "अहो, पोटचा पोरगा खाली हेच काम करतोय, आणि तुम्ही इथं तांब्या घासत बसलात! उद्या सकाळी उतरायचं. मग पुन्हा कधी? तुमचं वय काय, माझं काय? शर्ट द्या त्याच्याकडं, नाहीतर तसेच चला. बनियनवर चला. पण चला."

आमचे हे म्हणाले, "माझा शर्ट देतो, घाला." मी त्यांना कोपरानं ढकललं. कळत नाही माणसाला.

अंबादासरावांनी तांब्या खाली ठेवला. मग शर्ट आणि पँट टॉवेलात नीट गुंडाळली, ओले कपडेसुद्धा घडी घालूनच, आणि दार उघडून केबिनींची व्यवस्था बघणारी दार्जिलिंगकडची एक बाई होती, तिला हाक मारली. गठ्ठा तिच्या हातात दिला. म्हणाले, "नीचे लाँड्री में बालाजी है. उसी को देना. दूसरे को नहीं." ती "जी सर" म्हणून निघाली, तर तिला पुन्हा थांबवलं. "बोलना, औरंगाबाद से आया है."

वडिलांनी पाठवलंय, हे नाही आलं तोंडातून. वहिनी तेवढ्यावरच भिंतीकडं तोंड करून डोळे पुसायला लागल्या.

कपडे परत आले ते हँगरवर, कोरडे, शाईचा डाग कुठं होता ते शोधूनही सापडेना. अंबादासरावांनी शर्ट हातात घेतला. सवयीनं बोट कॉलरखाली गेलं आणि तिथंच थांबलं. आत पट्टी होती. वर्तमानपत्राची नाही, कसल्यातरी जाड कागदाची, बोटभर रुंद, दुहेरी केलेली. बोटीवर आणखी कुणाच्या कॉलरमध्ये तसलं काही असेल असं मला नाही वाटत. त्यांनी ती ओढून बाहेर काढली, बघितली आणि बनियनच्या आत छातीशी सरकवली. फेकली नाही. शर्ट घातला. म्हणाले, "चला."

डेकवर वारं होतं. ऊन उतरलेलं. आम्ही दोघं जरा बाजूला कठड्याशी थांबलो, पण कान तिकडंच. बालाजी जिन्यानं पळत वर आला. अंगात कामाचा निळा शर्ट, पाठीवर घामानं चिकटलेला, बाह्या वर सारलेल्या, खांद्यावर, पोटावर, सगळीकडं चुण्याच चुण्या. दुनियेचे कपडे कडक करणाऱ्या त्या पोराच्या अंगात बोटीवरचा सगळ्यात चुरगळलेला शर्ट होता. बापाला बघून तो चार पावलं अलीकडंच थांबला, लहानपणी थांबायचा तसा.

"बाबा, तसाच आलो. बदलायला वेळच नाही मिळाला."

मग अंबादासरावच पुढं झाले. त्याच्या खांद्यावर तळहात ठेवला आणि खांद्यापासून बाहीपर्यंत दाबत खाली आणला. इस्त्री करताना शेवटचा हात फिरवतात ना, तसा. मग दुसऱ्या खांद्यावरून. चुण्या काही जात नव्हत्या, आणि ते हात फिरवायचं थांबत नव्हते. बालाजी मान खाली घालून उभा, त्याचे खांदे हलायला लागले.

"दमलास का रे?" ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"दमलाच आहेस. कॉलर बघ कशी पडलीय." आणि मागं वळून एका लांबलचक खुर्चीकडं हात केला. "बस."

आणि आधी स्वतः बसले. पँट गुडघ्याशी वर ओढून नाही, सावरून नाही, चांगले मागं टेकून. पोराला शेजारी ओढून घेतलं, त्याचं ओलं डोकं त्या नव्या शर्टाला लागलं, आणि यांनी बाजूला केलं नाही. आमचे हे म्हणाले, "अगं, हे बसले!" मी म्हटलं, "गप्प बसा हो."

परत आल्यावर थोड्याच दिवसांत आम्ही बीड बायपासच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. जुन्या गल्लीत जाणं कमी झालं. पण गेल्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, रिक्षानं शहागंजकडं निघाले होते. मुद्दाम रिक्षावाल्याला गल्लीवरून घ्यायला सांगितलं. टँकर आलेला, बायका घागरी घेऊन उभ्या, आणि कोपऱ्यावर लिंबाखाली मुश्ताकभाईंचा ठेला. त्या लोखंडी स्टुलावर अंबादासराव बसले होते. पांढरा शर्ट, करडी पँट, गुडघ्याशी चुण्या पडलेल्या. समोर कुणीतरी नवीन बिऱ्हाडकरू कपड्यांचा गठ्ठा घेऊन उभा होता, आणि हे त्याला त्यांच्या त्या बारीक आवाजात, पण टँकरच्या रांगेला ऐकू जाईल असं सांगत होते, "आमचा बालाजी बोटीवर इस्त्री करतो. कसं करतो सांगू का?"

मी रिक्षातून हात हलवला, आमची शेवटची भेट ती. एरवी बाईमाणूस दिसलं की ते उठून नमस्कार करायचे. त्या दिवशी बसल्या बसल्याच हात वर केला, आणि पुन्हा त्या माणसाकडं वळून त्याच्या गठ्ठ्यातल्या शर्टाची कॉलर बोटात धरून दाखवायला लागले.